न दुखणारा कान

प्रश्न : आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. आठ वर्षांच्या मुलाचा उजवा कान तीन वर्षांपासून अधूनमधून वाहतो. सासूबाई लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडतात. औषधाच्या दुकानातून थेंब आणले की महिनाभर थांबतं, मग पुन्हा सुरू. दुखत मात्र कधीच नाही. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. घरात सगळे म्हणतात, मोठा झाला की आपोआप थांबेल, आमचेही कान लहानपणी फुटायचे. खरं काय? शिवाय सासऱ्यांचा आवाज दोन महिने बसलेला आहे, त्यांना विडीची सवय आहे. मिस्टर यंत्रमागावर कामाला असतात, त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं. आधी कुणाला दाखवू?

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सासऱ्यांना याच आठवड्यात दाखवा. मुलाला त्यांच्याबरोबर नेलंत तर उत्तम, नाहीतर पंधरा दिवसांच्या आत न्या. मिस्टरांची ऐकण्याची तपासणी महिनाभरात केली तरी चालेल, पण ती करायचीच आहे. हा क्रम घरात कुणाला पटणार नाही, कारण तिघांनाही काही दुखत नाही आणि सासऱ्यांचा तर नुसता आवाजच बसलाय. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

सोलापुरात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करत मला २६ वर्षं झाली. रात्री दोन वाजता ज्या पोराला कडेवर घेऊन आईबाप धावत येतात, त्याचा कान बहुतेक वेळा आठवडाभरात बरा होणारा असतो. सर्दी झालेली असते, पडद्यामागे पू साठतो, पडदा ताणला जातो आणि पोर किंचाळतं. ज्या कानांसाठी मला ऑपरेशनच्या टेबलापाशी चार-चार तास बसावं लागलं, ते पेशंट मात्र समोर शांतपणे बसून म्हणालेले आहेत, ‘दुखत नव्हतं की ओ डॉक्टर, म्हणून आलो नाही.’

कान दुखायचा थांबतो कधी, हे समजून घ्या. पू साठून पडद्यावर दाब येतो तेव्हा वेदना असते. पडदा फुटला की पू बाहेर येतो, दाब जातो, आणि रात्रभर रडलेलं मूल पहाटे गाढ झोपतं. उशीवर पिवळा डाग दिसतो आणि घरातले म्हणतात, बरं झालं, घाण निघून गेली. बहुतेक मुलांत पुढे तसंच होतं. पडदा दोन-तीन आठवड्यांत भरून येतो. तुमच्या घरातल्यांचे लहानपणी फुटलेले कान असेच भरून आले असणार, त्यामुळे ते खोटं बोलत नाहीत. लहान मुलांत नाकापासून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून नाकातली सर्दी कानात चटकन शिरते. बाळाला आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजलं तर दूधही तिकडे जाऊ शकतं. वय वाढतं तशी ही नळी लांब होते, तिला उतार येतो, आणि सात-आठ वर्षांनंतर बहुतेक मुलांचे कान फुटायचे थांबतात.

तुमच्या मुलाचं तसं नाही. तीन वर्षं वाहणारा कान म्हणजे पडद्याचं छिद्र भरलेलंच नाही. पू आला की वाट मोकळीच आहे, दाब कधी तयारच होत नाही, म्हणून दुखत नाही. दुखत नाही हे तुम्ही चांगलं लक्षण म्हणून लिहिलंय. मला ते वाचून उलट छिद्राचीच खात्री पटली.

आता ती जागा किती लहान आहे ते सांगतो. पडदा साधारण ९ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढा. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. त्याच्यामागे हवेची एक छोटी पोकळी आणि तिच्यात एकमेकांना जोडलेली तीन हाडं. त्यांतलं शेवटचं ३ मिलिमीटरच्या आसपास, ज्वारीच्या दाण्याहून लहान. या पोकळीचं छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा, आणि त्याच्या वर लगेच मेंदू. आतल्या भिंतीतून चेहऱ्याची नस जाते. तिला लागूनच ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं यंत्र. इतक्या दाटीवाटीच्या जागेत वर्षानुवर्षं पू राहणं मला सहन होत नाही, ते या शेजारामुळे.

वाहणारे कान दोन तऱ्हेचे. पहिल्यात छिद्र पडद्याच्या मधल्या ताणलेल्या भागात असतं. पाणी पातळ, चिकट, शेंबडासारखं, बरंच येतं, पण वास नसतो. सर्दी झाली किंवा आंघोळीचं पाणी गेलं की वाढतं, औषधानं थांबतं. याला आम्ही त्यातल्या त्यात सुरक्षित कान म्हणतो. दुसऱ्यात पडद्याचा वरचा किंवा मागचा कोपरा आत ओढला जातो आणि तिथे कातडीची पिशवी तयार होते. कातडीचा धर्मच असा की ती रोज मृत पापुद्रा टाकते. बाहेर असती तर अंगाला साबण लावताना निघून गेली असती. पिशवीत ती साठत जाते, तिचा गोळा होतो, आणि तो गोळा शेजारचं हाड कुरतडत जातो. आमच्या भाषेत कोलेस्टिआटोमा. ही गाठ कॅन्सरची नसते, पण हाडाला मानत नाही. यात पाणी थोडंच येतं, पण वास असा की आईनं मुलाला जवळ घेतलं की तिला कळतं. कधी रक्ताचा अंश असतो. थेंबांनी वास कमी होतो, जात नाही.

घरी एक गोष्ट करून बघा. स्वच्छ कापसाची सैल वात करा, कानाच्या तोंडाशीच धरा, आत खुपसू नका. ओली झाली की बाहेर काढून वास घ्या. कुजल्यासारखा वास असेल तर पंधरा दिवसही थांबू नका. वास नसला तरी निकाल मायक्रोस्कोपखालीच लागतो, एवढं लक्षात ठेवा.

काही वर्षांपूर्वी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावातून १९ वर्षांचा मुलगा आला. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळालं, आरशात पाहिलं तर तोंड वाकडं. घरच्यांनी वारं लागलं म्हणून दोन दिवस मालीश केलं. कानाबद्दल कुणी बोललंच नाही, मीच विचारलं. आई म्हणाली, ‘तो तर लहानपणापासून वाहतोय. त्याचं काय एवढं?’ मायक्रोस्कोपखाली सक्शननं साफ करायला घेतलं. आधी तेलात मुरलेला काळा मळ निघाला. त्याखाली खपली. खपली उचलली आणि मोत्यासारखे पांढरे पापुद्रे दिसले, कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक. चेहऱ्याच्या नसेवरचं हाड खाल्लं गेलं होतं. तातडीनं मस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन केलं. तोंड चार-पाच महिन्यांत बरंच सरळ झालं. पण तिन्हीपैकी दोन हाडं झिजून गेली होती, त्या कानाचं ऐकणं पूर्वीसारखं झालं नाही. त्या मुलाला शेवटपर्यंत कान दुखला नव्हता.

खपलीचं सांगतो, कारण ती चूक माझ्याही हातून झालेली आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका मुलीला मी जवळजवळ वर्षभर थेंबच देत राहिलो. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी खपली दिसायची, मला वाटायचं साधा मळ आहे. मुलगी घाबरायची, मी आग्रह धरला नाही. वर्षानं खपली काढली तेव्हा तिच्याखाली पिशवी होती. वेळेत सापडली, मोठं नुकसान झालं नाही, पण एक वर्ष माझ्यामुळे गेलं. तेव्हापासून वरच्या कोपऱ्यातली खपली काढून पाहिल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. तुम्ही जाल तिथे एवढं विचारा, ‘डॉक्टर, वरचा भाग पूर्ण दिसला का?’ चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडेल.

छिद्र पहिल्या तऱ्हेचं असेल तर ऑपरेशन म्हणजे पडद्याला ठिगळ. ते ठिगळ मुलाच्याच शरीरातून घेतात. कानाच्या वर जो स्नायू आहे, त्याच्यावरचं पातळ आवरण. आठव्या वर्षी हे करता येतं. दहांपैकी आठ-नऊ पडदे धरतात. कान आधी काही आठवडे कोरडा असला तर बरं. त्याआधी डॉक्टर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करतील, त्यामुळे आत्ता किती ऐकू येतं आणि ऑपरेशननंतर किती फरक पडला याची नोंद राहते. मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, तर नाकामागची अॅडेनॉइडची गाठ वाढलीय का तेही पाहावं लागेल. ती नळीचं तोंड दाबून बसली असेल तर नवा पडदाही पुन्हा आत ओढला जाऊ शकतो. दुसऱ्या तऱ्हेचा कान असेल तर मात्र ऑपरेशनला पर्याय नाही. तिथे पहिलं उद्दिष्ट आजार मुळापासून काढण्याचं, ऐकणं त्यानंतर. आणि पुढची कित्येक वर्षं ठरावीक काळानं कान दाखवत राहावं लागतं. खर्चाची अडचण असेल तर वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, कान-नाक-घशाचा विभाग आहे. तिथे दाखवा, आणि सरकारी आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का ते विचारून घ्या. पैशासाठी पुढच्या वर्षावर टाकू नका.

तेलाचं बोलायला हवं. सासूबाई नातवाच्या मायेपोटी करतात, त्यांना दोष देऊ नका. पण पडद्याला छिद्र असेल तर ते तेल कानात थांबत नाही, थेट त्या पोकळीत उतरतं. स्वयंपाकघरातलं तेल निर्जंतुक नसतं. लसणाचे तुकडे मी स्वतः चिमट्यानं काढलेले आहेत. शिवाय ओलसर, उबदार कानात बुरशी धरते. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी दिसते, वर काळे ठिपके. मग कान खाजतो, म्हणून आणखी तेल. दुकानातल्या थेंबांचंही तेच. काही थेंब मळ विरघळवण्याचे असतात, काहींत असं प्रतिजैविक असतं की फुटलेल्या पडद्यातून आत गेलं तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतं. कोणते थेंब चालतात हे छिद्र पाहिलेल्या माणसानंच ठरवावं.

तेलाला एकच जागा आहे. चांगल्या कानात, जो कधी वाहिलेला नाही, जिवंत किडा शिरला आणि फडफडायला लागला, तर कोमट तेलाचे चार थेंब सोडा. किडा मरतो, फडफड थांबते, मग आमच्याकडे या. काडी घालू नका. हरभरा किंवा तूर गेली असेल तर पाणीही घालू नका, ती फुगते आणि अडकून बसते.

मळाबद्दल दोनच वाक्यं. मळ ही घाण नाही, कान स्वतः तो हळूहळू बाहेर ढकलतो. बड, किल्ली, आगपेटीची काडी, साडीची पिन, यांनी आपण तो उलटा पडद्यावर नेऊन ठासतो.

आता सासऱ्यांकडे येतो. सर्दी-खोकल्यानं किंवा गड्ड्याच्या जत्रेतल्या धुळीत आरडाओरडा करून बसलेला आवाज दोन आठवड्यांत सुटतो. आमचा नियम सोपा आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, आणि माणूस विडी, तंबाखू, मावा यांपैकी काहीही घेत असेल, तर स्वरयंत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही सिरप द्यायचं नाही. तुमच्याकडे दोन महिने झालेत.

स्वरतंतू म्हणजे घशात समोरासमोर असलेल्या दोन मऊ पट्ट्या. बोलताना त्या सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. त्यांच्या कडेवर ज्वारीच्या कणीएवढी गाठ आली तरी कडा जुळत नाहीत आणि आवाज घोगरा होतो. एका अर्थी ही माणसावरची कृपाच आहे, कारण इथला कॅन्सर फार लवकर वर्दी देतो. स्वरतंतूंच्या कडेला लसीकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून कॅन्सर पसरतो त्या बारीक नळ्या, फार कमी असतात, त्यामुळे सुरुवातीला तो मानेतल्या गाठींपर्यंत सहसा पोहोचत नाही. या अवस्थेत सापडला तर रेडिएशननं किंवा लेसरनं दहांपैकी नऊ जण बरे होतात, आणि आवाजही राहतो. पण वेदना नाही, ताप नाही, जेवण जातंय, म्हणून लोक मध-आलं चाटत सहा महिने काढतात. मग एक दिवस श्वास घेताना घरघर होते. तेव्हा गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागते आणि कधी पूर्ण स्वरयंत्र काढावं लागतं. विडी वळणाऱ्या एका मावशींना मी असं उशिरा पाहिलंय. मिसरी लावायच्या, घोगऱ्या आवाजाला वय झालं म्हणायच्या.

सासऱ्यांना हेच आहे असं मी म्हणत नाही. स्वरतंतूवर साधी सूज असेल, पोटातलं आम्ल वर येत असेल, एक स्वरतंतू हलत नसेल. त्या शेवटच्या शक्यतेत छातीचा एक्स-रेही पाहावा लागतो, कारण स्वरतंतू हलवणारी डावीकडची नस छातीतून वळसा घेऊन वर येते. तपासणीला पाच मिनिटं लागतात. नाकातून बारीक दुर्बीण जाते, थोडं झोंबतं, भूल नाही, भरती नाही. त्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण पुरुषमाणसं बऱ्याचदा दुर्बिणीला भिऊन टाळतात. सोबत त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा, तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवा. तेही दुखत नसतं.

इथे एक उलटी गोष्टही सांगून ठेवतो. तंबाखू खाणारा माणूस ‘कान ठणकतोय’ म्हणून येतो आणि कान पाहावा तर आरशासारखा स्वच्छ. अशा वेळी आम्ही जिभेचं मूळ आणि घसा बघतो. कानाच्या आणि घशाच्या नसा एकच, घशातलं दुखणं कानात बोलतं. आणि साखर असलेल्या वयस्कर माणसाचा कान रात्री झोपू देत नाही इतका ठणकत असेल, तर त्याला पिचकारीनं पाणी मारून धुऊ नका, तसाच घेऊन या. तो संसर्ग हाडात उतरतो.

मिस्टरांचं ऐकणं. आपल्या शहरातली चादर आणि टॉवेल ज्या शेडमध्ये विणला जातो, तिथे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. याचा अर्थ आवाज कानाला सोसणाऱ्या मर्यादेच्या पुढे आहे. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि डॉक्टर तर ८५ च्या पुढेच सावध व्हा म्हणतात. आतल्या कानात केसांसारख्या तंतूंच्या पेशी असतात. ढोल किंवा मिरवणुकीतला डॉल्बी अंगावर घेतला की त्या आडव्या होतात, रात्रभर कान गुणगुणतो, सकाळी बहुतेक पुन्हा उभ्या राहतात. रोज दहा-बारा तास माग ऐकला की हळूहळू मरतात. मेलेली पेशी परत येत नाही, त्याला औषध नाही. कान ‘साफ करून’ किंवा गोळ्यांनी हे बरं करतो म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका.

सुरुवात उंच स्वरांपासून होते. ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच स्वराच्या, जवळ खड्डा पडतो. त्यामुळे गडी म्हणतो, ‘ऐकू येतंय, पण काय म्हणतायत ते कळेना.’ स, श, फ ही अक्षरं निसटतात. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज आधी जातो. घरात तुम्हाला वाटतं, हे मुद्दाम लक्ष देत नाहीत. मी कितीतरी नवरा-बायकोंना तो आलेख समोर ठेवून समजावलंय, आणि बायकोच्या डोळ्यात पाणी आलेलं पाहिलंय. ऑडिओमेट्री सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माग सुरू करण्याआधी करा, म्हणजे थकलेल्या कानाचा दोष त्यात येणार नाही.

कानात कापूस घालून काही होत नाही, आवाज जवळपास तसाच आत जातो. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत दाबून बारीक वळायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचे, ते आत फुगून बसतात. नुसते तोंडाशी चिकटवले तर उपयोग नाही. कानावर बसणारे मोठे मफ आपल्या मे महिन्याच्या ४३ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली कुणी घालत नाही, ते मी आता सुचवायचंच सोडलंय. कारागिराला वाटतं, प्लग घातला तर धागा तुटल्याचं, धोटा अडकल्याचं कळणार नाही. चार दिवस घालून पाहा म्हणावं. मागाचा बिघडलेला ठेका प्लगमधूनही कळतो.

एक गोष्ट मात्र वेगळी आणि तातडीची. एका सकाळी उठल्यावर अचानक एकच कान बंद झाला, बोळा बसल्यासारखा, कदाचित शिट्टीचा आवाज, पण दुखत काहीच नाही. सगळे म्हणतात मळ असेल, थेंब टाक. हा नसेला बसलेला अचानक झटका असू शकतो. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाला तर ऐकणं परत येण्याची आशा चांगली, दोन आठवडे उलटले की फारच कमी. हा पेशंट मला त्याच दिवशी हवा असतो, आणि तोच बहुधा पंधरा दिवसांनी येतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात लहान मूल आहे म्हणून शेंगदाण्याचं सांगतो. सोलापूर म्हणजे शेंगाचटणी, रांगणाऱ्या पोराच्या हातातही दाणा जातो. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका, कूट द्या. दाढा आलेल्या नसतात, दाणा हसता-रडताना श्वासनळीत ओढला जातो. मग जोराचा ठसका लागतो, मूल निळं-लाल होतं, आणि थोड्या वेळानं शांत. घरच्यांना वाटतं, गिळलं. दाणा पुढे सरकून एका फुप्फुसाच्या नळीत बसलेला असतो, म्हणून खोकला थांबलेला असतो. दाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ यावर निश्चिंत होऊ नका. डॉक्टरांना ‘दाणे खाताना ठसका लागला होता’ हे वाक्य सांगा. त्या एका वाक्यावर आम्ही दुर्बीण घालायचं ठरवतो. दाणा आत राहिला तर न्यूमोनिया होतो, आणि मूल महिनाभर खोकल्याची औषधं पीत राहतं. तसंच, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, चिंचोका, खडू काहीतरी आहे असंच समजा. खेळण्यातली चपटी बटणबॅटरी नाकात, कानात किंवा घशात गेली असेल तर तासांचा हिशेब, ती मांस जाळते. रात्र असो, दुपार असो, निघा.

ज्या गोष्टींनी लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्या बऱ्याचदा साध्या असतात. उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो. नाकाच्या मधल्या पडद्यावर पुढेच बारीक शिरांचं जाळं असतं, ते कोरड्या हवेत तडकतं. कांदा हुंगवू नका, डोकं मागे टाकू नका, रक्त पोटात जाऊन उलटी होते. बसवा, थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा, मध्ये सोडून बघू नका. बाकी महिनाभर रात्री नाकात व्हॅसलीनचं बोट. वीस मिनिटांत थांबलं नाही, माणूस रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांवर असेल, किंवा वयस्कर असून बीपी वाढलेलं असेल तर मात्र दवाखाना. आणि दहा ते वीस वयाच्या मुलाची एकच नाकपुडी बंद, तिथूनच पुन्हा पुन्हा भळाभळा रक्त, तर ती वेगळी गाठ असू शकते, तिचा तुकडा बाहेरच्या बाहेर कुणाला काढू देऊ नका.

कूस बदलताना घर गरगर फिरणं हेही तसंच. पेशंटला वाटतं मेंदूत काही झालं. बहुधा आतल्या कानातले खड्यासारखे कण जागा सोडून नलिकेत गेलेले असतात. चक्कर मिनिटभराची. डोकं ठरावीक दिशांनी वळवून ते कण आम्ही परत जागेवर आणतो, अनेकांना त्याच बैठकीत बरं वाटतं. मात्र चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसले तर आमच्याकडे न येता थेट मोठ्या हॉस्पिटलला. सर्दीचं नाक उघडायचे थेंब पाच-सहा दिवसांवर वापरू नका, नाक त्यांचंच गुलाम होतं. टॉन्सिल नुसते मोठे दिसतात म्हणून काढायचे नसतात. वर्षात सात वेळा तापासह घसा आला, तर बोलू.

आता तुमच्या मुलाचं. आजपासून तेल बंद. आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून कानाच्या तोंडाशी लावा, आंघोळ झाली की काढून टाका. सुट्टीत मामाच्या गावी विहिरीत पोहायला जाईल, यंदा नको. नाक शिंकरताना एक नाकपुडी मोकळी ठेवायला शिकवा. आतापर्यंतचे थेंब, जुने कागद, जे असेल ते पिशवीत घालून न्या. शाळेतल्या बाईंना विचारा की हाक मारल्यावर तो पहिल्यांदाच वळतो का. त्यांचं उत्तर डॉक्टरांना सांगा.

आणि सासूबाईंना सोबत न्या. बऱ्याच ठिकाणी आता मायक्रोस्कोपला किंवा दुर्बिणीला स्क्रीन जोडलेली असते. डॉक्टरांना म्हणा, आजींना दाखवा. नातवाच्या पडद्यातलं ते छिद्र त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे.